बिडाची पट्टी

उद्यमबागेत, अंकलगींच्या फाउंड्रीच्या ऑफिसात
मी सकाळी दहापासून बसले आहे.
काम तसं अर्ध्या तासाचं:
काट्यावरचं वजन कॉम्प्युटरला वाचता यावं,
चलनावर आपोआप उमटावं,
इराप्पांच्या मुलाची वहीतली खाडाखोड थांबावी.
खिडकी, बटणं, कन्नड-मराठी लेबलं
सगळं घरून करून आणलंय.
फक्त काट्याच्या वायरीशी बोलणारं
एक मूठभर मॉड्यूल
इथं, ह्याच यंत्रावर बांधायचं राहिलं होतं.

आधी म्हणाला, पायथन नाही.
दिला.
मग म्हणाला, सी प्लस प्लसचा कंपायलर कुठाय.
सहा जीबी, माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर.
दीडचा भोंगा झाला तेव्हा एकसष्ट टक्के.
पोरं डबे खाऊन, हात वाळूनेच घासून भट्टीकडे परतली.
मग पडद्यावर लाल अक्षरं, दोनशे ओळी,
आणि कारण एवढंच की
फोल्डरचं नाव 'अंकलगी अँड सन्स',
शब्दांमधल्या मोकळ्या जागेत बिल्ड अडखळून पडला.
इराप्पा म्हणाले, "सन्स काढून टाकू काय?"
मुलगा हसला नाही.

साडेतीनला बांधून झालं. एकही तक्रार नाही.
ॲप उघडलं
आणि मिटलं.
हे मॉड्यूल दुसऱ्या आवृत्तीसाठी बांधलेलं आहे.
ह्याचा आकडा एकशे पंधरा,
मला हवा एकशे एकोणीस.
बाहेरच्या नोडवर सुरळीत चालत होतं ते;
आमच्या खिडकीच्या पोटात जो नोड आहे
तो घेईना.
नाव तेच. कोड तोच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

परशराम मुतगेकर पॅटर्न शॉपमधून चहा घेऊन आले.
अडलंय काय विचारलं. जमेल तसं सांगितलं.
त्यांनी खिशातून दोन पोलादी पट्ट्या काढून
टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.
दोन्हींवर बारा इंच. टोकं जुळत नव्हती.

"ही बिडाची. ही पितळेची.
धातू थंड होताना आकसतोय, बीड कमी, पितळ जास्त,
म्हणून साचा करतानाच इंच ताणून ठेवायचा.
नवीन पोरगं चुकीची पट्टी उचलतंय.
लाकूड झकास तासतंय, ओतकाम बी झकास,
आणि शेवटाला बेअरिंग बसत नाही.
पोरगं म्हणतंय, मी तर बाराच इंच मोजलो की."

मी जेवलो, मी निघालो:
आमच्याकडे बायकाही असंच बोलतात.
पुण्यात, पहिल्या नोकरीत, कँटीनच्या टेबलावर
मी ते बोलून गेले आणि सहाजण हसले.
वाईट नव्हते ते.
दुसऱ्या दिवसापासून मी 'जेवले'.
चार वर्षांत एकदाही चुकले नाही.

हेडर फाइली नव्याने उतरवल्या, इलेक्ट्रॉनच्या,
बाहेरच्या नोडच्या नव्हेत.
जुना बिल्ड पार पुसला,
कारण थोडा जरी ठेवला तरी तो गुपचूप
कालचंच वाढतो.
पुन्हा बांधायला लावलं आणि पट्ट्यांकडे बघत बसले.
बिडाच्या पट्टीवर सात आणि आठच्या मधल्या रेघा
अंगठ्याने झिजून गेल्यात.

पावणेसहाला खिडकी उघडली. उघडीच राहिली.
०.००
परशराम चपला काढून काट्यावर चढले.
५३.४०
इराप्पा पडद्यात वाकून बघतात, मग काट्याकडे,
मग परत पडद्यात.
"बरोबर ऐति."
बरोबर. ह्या एका शब्दावर
अजून कुणी दावा ठोकलेला नाही.
"दोन किलो उतरलो," परशराम म्हणतात,
काट्यावरून उतरत नाहीत.

फोन. आई.
"निघालो गं," म्हणते,
आणि तो कानाशी धरूनच
इराप्पांच्या मुलाला बजावते:
अपडेट करू का विचारलं
तर लगेच हो म्हणू नकोस.